दात घेऊन जन्मलेले बाळ

बाळाचे वरचे दात आधी आले तर ते मामाला वाईट, ही समजूत आपण ऐकलेली असते. मग बाळ दात घेऊनच जन्मले तर घरात किती घबराट उडत असेल! वस्तुतः सुमारे दोन ते तीन हजार जन्मांत एका बाळाला असा दात असतो. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. दर हजारी वर्षाला १६ जन्म धरले तर सुमारे २७,६०० बाळे होतात; म्हणजे तेवढ्या वस्तीत वर्षाला ९ ते १४ बाळे दातासह जन्मतील. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.

हा दात येतो कोठून? दुधाच्या दातांचे अंकुर गर्भावस्थेच्या सहाव्या-सातव्या आठवड्यापासून तयार होऊ लागतात. जन्माच्या वेळी सर्व २० दात हिरडीखाली घडत असतात. एखादा अंकुर हिरडीच्या पृष्ठभागाजवळ असला, की तो सहा-आठ महिने न थांबता वर येतो. बहुधा तो खालचा, पुढचा दात असतो. काही घराण्यांत हे आनुवंशिकही असते.

मग तो काढावा काय? घाई नको. असे १० पैकी ९ दात जादा नसून दुधाचेच असतात. तो काढला तर कायमचा दात येईपर्यंत, म्हणजे सुमारे ६ वर्षे, जागा रिकामी राहते. दात पक्का असेल तर तसाच ठेवतात. त्याच्या धारेने जिभेखाली जखम होत असेल तर दंतवैद्य ती धार घासून गुळगुळीत करतात. मूळ नीट न बनल्याने दात फारच हलत असेल, तर तो निसटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. असा दात काढावा लागतो.

मात्र घरी दोरा बांधून वा नखाने तो कधीही ओढू नये. रक्त गोठण्यास ‘के’ जीवनसत्त्व लागते. बाळाला ते आईकडून फार थोडे मिळते आणि ते बनवणारे जिवाणू त्याच्या आतड्यांत अद्याप रुजलेले नसतात. त्यामुळे पहिल्या दिवसांत रक्तस्राव थांबणे अवघड होऊ शकते. रुग्णालयात या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. प्रसूती घरी झाली असेल तर ते राहून गेलेले असू शकते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ मध्ये दातांसह जन्मला आणि त्याने ७२ वर्षे राज्य केले. दाताला शुभ-अशुभ कळत नाही. चाकण पट्ट्यातील शाळांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांची मुले शिकतात. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी असे बाळ आले, तर शिक्षकांनी एवढेच सांगावे : अंगावर पाजणे चालू ठेवा आणि बाळाला दंतवैद्याकडे न्या.