नव्वद दिवसांचं काम

कापड बाजारालगतचा जुना वाडा. खाली दुकानं, माडीवर बिऱ्हाडं. मालक पुण्याला असल्यानं नगरमधला सगळा व्यवहार कारभारीच बघतात. त्यांच्यासोबत मी काही दिवस हिंडलो. भाडं हाती पडलं की ते उभ्या उभ्याच पावती फाडून देतात. स्थळप्रत पुस्तकात राहते. "उद्या कोर्टात हीच बोलते," ते म्हणाले.

माडीवरच्या एका बिऱ्हाडाच्या पावत्या आठ महिन्यांपूर्वी थांबल्या होत्या. घरच्या माणसाचं काम सुटलं होतं. कारभाऱ्यांनी आधी हप्ते बांधून दिले. तेही चुकले, तेव्हा वकिलाकडून नोटीस गेली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे ही मागणीची नोटीस बजावल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय दावाच लावता येत नाही. दावा लागल्यावरही भाडेकरूला वाट असते. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत त्यानं सगळी थकबाकी, तीवर दरसाल दरशेकडा १५ प्रमाणे सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. सावेडीतल्या फ्लॅटच्या अकरा महिन्यांच्या करारांना वेगळा रस्ता आहे. तिथं मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

मध्येच मालकाचा फोन आला, "नळ तोडून टाका, आपोआप जातील." कारभाऱ्यांनी साफ नकार दिला. पाणी किंवा वीज तोडणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला कैदेची शिक्षा आहे. "आणि गुन्हा नसता तरी मी तोडला नसता," फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले.

त्यामागे एक जुनी आठवण होती. दुसऱ्या एका घराचा हुकूमनामा झाला, दरखास्त दाखल झाली, ताबा वॉरंट घेऊन बेलिफ आला. पंचांसमोर सामानाची यादी सुरू झाली: पत्र्याची पेटी, शिलाई मशीन, पितळी हंडा. देवघरापाशी लिहिणारा अडखळला. तेव्हा घरातल्या बाईंनी देव उचलून पदरात घेतले आणि त्या जिना उतरल्या. मालकाला ताबा मिळाला. कारभारी मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून नोटीस गेल्यावर ते नुसती तारीख मोजत बसत नाहीत. दर आठवड्याला माडी चढतात, कुठे काम निघालंय ते सांगतात, जमेल तेवढं भाडं मागतात. आलेली रक्कम कधीच परत पाठवत नाहीत. 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परतलेली मनीऑर्डर भाडेकरूच्याच बाजूचा पुरावा ठरते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

शहाऐंशीव्या दिवशी त्या घरातली बाई अर्धी रक्कम घेऊन खाली आली. कारभाऱ्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि पावतीवर लिहिलं: 'मागील बाकीपोटी, नोटिशीचा हक्क राखून.' शब्द मालकाच्या बाजूचे होते. पावती फाडून हातात देताना ते म्हणाले, "उरलेल्याचं सोमवारी बसून ठरवू, वहिनी. वकिलाला मी थांबायला सांगतो."