बंद ठेवलेली घंटी

जपानच्या आइची प्रांतातल्या ओबू शहरात ७ डिसेंबर २००७ रोजी ९१ वर्षांचे एक आजोबा दिवसभराच्या शुश्रूषा केंद्रातून घरी परतले. ८५ वर्षांच्या आजींचा जरा डोळा लागला आणि तेवढ्यात ते बाहेर पडले. स्टेशनवर गेले, गाडीत बसले, पुढच्या क्योवा स्टेशनला उतरले, फलाटाच्या टोकाकडून खाली रुळांवर गेले आणि गाडीखाली सापडले. त्यांना स्मृतिभ्रंश होता.

घरच्यांनी हयगय केली म्हणावं, तर तसं नाही. सून नवऱ्याला योकोहामात ठेवून सासऱ्यांसाठी ओबूत येऊन राहिली होती. त्यांच्या कपड्यांना आतून तिनं नाव आणि स्वतःचा मोबाइल नंबर लिहिलेल्या कापडाच्या पट्ट्या शिवल्या होत्या, पोलिसांनाही सांगून ठेवलं होतं. फाटकाला कुलूप लावून पाहिलं, तर आजोबा चिडून फाटक गदागदा हलवायचे. शेवटी कुलूप काढलं. मग घराच्या दारापाशी, माणूस गेला की वाजणारी सेन्सरची घंटी बसवली. घराला लागून आजोबांचं ऑफिस होतं. त्याच्या दारालाही तशीच घंटी होती, पण तिचं बटण बंद होतं. आजोबा नेमके त्याच दारानं गेले.

रेल्वे कंपनीनं गाड्या खोळंबल्याची भरपाई मागितली. २०१३ मध्ये नागोयाच्या कोर्टानं आजी आणि थोरला मुलगा यांच्यावर सुमारे ७२ लाख येन लादले. २०१४ मध्ये वरच्या कोर्टानं मुलाला सोडलं आणि निम्मी रक्कम एकट्या आजींवर ठेवली. घंटी चालू करणं काही अवघड नव्हतं, असं तिथं म्हटलं गेलं. १ मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही मोकळं केलं.

मला या खटल्यात ती घंटीच सगळ्यांत बोलकी वाटते. दिवसा उघड्या असणाऱ्या दाराची घंटी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वाजणार, आणि दर वेळी उठून पाहायला घरात कोण? जिला स्वतःलाच आधार लागत होता अशी ८५ वर्षांची बाई. यंत्र वर्दी देतं. मागे धावायचं काम माणसाचंच राहतं.

त्यानंतर यंत्रं बरीच पुढे गेली. सैतामा प्रांतातल्या इरुमा शहरानं २०१६ मध्ये बोटाच्या नखावर चिकटवायचा, सेंटिमीटरभर क्यूआर कोड काढला. त्यात नगरपालिकेचा फोन आणि त्या व्यक्तीचा क्रमांक. सुनेच्या कापडी पट्टीचीच ही पुढची आवृत्ती. फरक इतका की कोट घरी राहतो, नख राहत नाही. तरी २०२३ मध्ये जपानी पोलिसांकडे स्मृतिभ्रंश झालेल्या १९,०३९ व्यक्ती हरवल्याची नोंद झाली.

ब्रिटनमधल्या ‘अटिला’ चाचणीचा निकाल तर उपकरणं विकणाऱ्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. स्मृतिभ्रंश असलेले, घरीच राहणारे ४९५ जण घेतले. निम्म्यांना गरज तपासून सेन्सर, दूरस्थ देखरेख असा सगळा सरंजाम दिला. उरलेल्यांना धुराची सूचना देणारं यंत्र, गळ्यात घालायचं बटण असं किरकोळ साहित्य. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: वृद्धाश्रमात जाण्याची वेळ सरंजामामुळे लांबली नाही. गरज एक निघाली आणि घरात बसवलं दुसरंच, असंही बऱ्याच ठिकाणी झालं होतं.

याचं एक कारण मेंदूतच आहे. अल्झायमरमध्ये नवं लक्षात ठेवणारा भाग आधी पोखरला जातो; हाताला लागलेल्या जुन्या सवयी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. ज्या आजींना चहाला आधण ठेवणं अजून जमतं, त्यांना नव्या टॅब्लेटवरचं हिरवं बटण रोज नव्यानं शिकवावं लागतं. म्हणून ‘आज मंगळवार, सकाळ’ एवढंच मोठ्या अक्षरांत दाखवणारं, ज्याला हातही लावावा लागत नाही असं घड्याळ मला शंभर ॲप्सपेक्षा उजवं वाटतं. आणि जे आणायचं ते आजार हलका असतानाच आणावं.

‘पारो’ नावाच्या जपानी यंत्र-सीलचं थोडं कौतुक केलंच पाहिजे. पांढरं, केसाळ, जवळजवळ तान्ह्या बाळाच्या वजनाचं. कुरवाळलं की मान हलवतं, आवाज देतं. ऑस्ट्रेलियात ४१५ वृद्धांवर त्याची चाचणी झाली. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत अस्वस्थता कमी झाली, हे खरं. पण यंत्र काढून घेतलेलं तसंच मऊ खेळणं फार मागे पडलं नाही! त्यापेक्षा पारो गुंतवून ठेवण्यातच काय ते सरस ठरलं.

कोबे शहरानं मात्र ओबूच्या खटल्याचा खरा धडा घेतला. २०१९ पासून तिथं स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या हातून अपघात घडला, तर भरपाईची व्यवस्था पालिका करते. त्यासाठी प्रत्येक करदात्यावर वर्षाला ४०० येन जादा कर आहे. जीपीएसची सोय आहेच, पण जोखीम आता एकट्या आजीच्या डोक्यावर नाही.

भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी अभ्यास सांगतो. आपल्याकडे मुलगा न्यू जर्सीत, कॅमेरा डोंबिवलीच्या दिवाणखान्यात, अशी घरं आता नवलाईची नाहीत. कॅमेरा जरूर लावा. पण त्याआधी ठरवा की रात्री दोन वाजता फोन किणकिणला तर दारापर्यंत कोण पोचणार. सोसायटीचा वॉचमन, नाक्यावरचे रिक्षावाले, कोपऱ्यावरचा वाणी यांना आजोबांचा चेहरा आणि तुमचा नंबर ठाऊक असू द्या. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ हीसुद्धा लिहून ठेवा. ती सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच वेळ चालू असते.