एक्सपॅट कोण, इमिग्रंट कोण?

दुबईतल्या एकाच बांधकामावर लंडनहून आलेला अभियंता आणि रत्नागिरीहून गेलेला गवंडी राबत असतात. अभियंता ‘एक्सपॅट’, गवंडी ‘मजूर’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर दोघांच्या खिशात एमिरेट्स आयडी हे एकच कार्ड असतं, दोघांचाही राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आणि मुदतीचा असतो. शब्दांच्या या घोळात कागद वाचायचे राहून जातात आणि त्याची किंमत घरादाराला मोजावी लागते.

गैरसमज : मोठ्या पगाराचा तो एक्सपॅट, हातावर पोट असलेला तो इमिग्रंट.
वस्तुस्थिती : ‘एक्सपॅट’चं मूळ लॅटिन भाषेत आहे. अर्थ एवढाच, की मायदेशाबाहेर राहणारा. त्यात पगार नाही, कातडीचा रंग नाही. फरक आहे तो मुक्कामाचा. काही वर्षं काम करून परतायचं म्हणून गेलेला एक्सपॅट, बिऱ्हाड कायमचं हलवणारा इमिग्रंट. या व्याख्येत गवंडीही पुरेपूर एक्सपॅट ठरतो.

गैरसमज : अमेरिकेत नोकरी लागली की माणूस इमिग्रंट झाला.
वस्तुस्थिती : आपले असंख्य संगणक अभियंते ज्या एच-१बी व्हिसावर जातात, तो अमेरिकी कायद्यात ‘नॉन-इमिग्रंट’ वर्गातला आहे. आधी ३ वर्षं, एरवी जास्तीत जास्त ६. कायद्याच्या लेखी इमिग्रंट होतो तो ग्रीन कार्ड मिळाल्यावर. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग प्रचंड लांबली आहे. अर्ज पुढे सरकलेला असेल तर व्हिसा वाढत राहतो. घर होतं, मुलं तिथल्या शाळेत रुळतात, पण दर्जा तात्पुरताच. आईवडिलांच्या व्हिसावर लहानपणी गेलेल्या मुलाचा तो आधार २१व्या वर्षी संपतो.

गैरसमज : आखातात जन्म काढला की तिथलं नागरिकत्व मिळतं.
वस्तुस्थिती : नुसत्या वर्षांच्या हिशोबावर ते मिळत नाही. परदेशी आईवडिलांच्या पोटी तिथे जन्मलेलं मूलही त्या जन्मामुळे नागरिक होत नाही. अमिरातीचा १० वर्षांचा गोल्डन व्हिसा म्हणजे लांब मुदतीचा निवास, नागरिकत्व नव्हे.

गैरसमज : एनआरआय म्हणजे परदेशी नागरिक आणि ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व.
वस्तुस्थिती : एनआरआय भारतीय नागरिकच असतो. यादीत नाव असेल तर मतदानही करू शकतो, फक्त त्यासाठी मतदारसंघात प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. स्वखुशीने परदेशी नागरिकत्व घेतलं, की नागरिकत्व कायदा १९५५च्या कलम ९नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात हवं तेव्हा येता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

‘दोन वर्षांत परत येतो’ असं सांगून गेलेल्यांचे केस तिकडेच पांढरे झालेले आपण पाहतो. मन बदलतं, त्यात गैर काहीच नाही. कागद मात्र आपोआप बदलत नाहीत. म्हणून घरातलं कुणी परदेशी निघालं, की पगाराच्या आकड्याआधी तीन प्रश्न विचारा : परवाना कोणत्या वर्गाचा आहे? मुदत किती? नोकरी सुटली तर किती दिवस राहता येईल? हे प्रश्न अभियंत्याच्या घरी जेवढे गरजेचे आहेत, तेवढेच गवंड्याच्या घरीही.