विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी

आमच्या वऱ्हाडांत, विशेषतः मेळघाटांत, सिकलसेल नांवाचा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व रुग्णास असह्य वेदना होतात.

हीमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकाची एक प्रत मातेकडून व एक पित्याकडून मिळते. एकच सदोष असल्यास मनुष्य बहुधा धडधाकट असतो. तो केवळ वाहक होय. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास व्याधि होण्याचा संभव ४ पैकीं १ असतो; पहिलें मूल निरोगी निघालें म्हणून दुसऱ्याचा धोका टळत नाहीं. मातेसच बोल लावणें तर सर्वथा चूक.

आमच्या मतें, पत्रिका पाहण्याआधीं वधूवरांचें रक्त पाहावें. १९४९ सालीं पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, विद्युत्क्षेत्रांत हें हीमोग्लोबिन निराळ्या गतीनें सरकतें. याच परीक्षेनें वाहक व रुग्ण ओळखतात. डीएनएच्या परीक्षेंत तर जनुकांतील एका अक्षराचा मूळ फरकच दिसतो.