काळ्या बाईंचा वर्ग

(द्वितीय वर्ष, कला)

लहान मुलांना फुलांची उपमा दिलेली आपण सर्वांनी शाळेच्या भिंतीवर वाचली आहे. मुलांना जात कळत नाही, रंग कळत नाही आणि राजकारण तर मुळीच कळत नाही, असे आपण धरून चालतो. मीही तसेच मानत होते. बेरिल गिलरॉय या शिक्षिकेविषयी वाचल्यापासून मात्र हा समज एकदा तपासून पाहावा असे वाटू लागले. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

गिलरॉय बाईंचा जन्म १९२४ सालचा. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियाना, म्हणजे आजचा गयाना, हा त्यांचा देश. १८३८ पासून भारतातील मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले, तोच हा मुलूख. आजीच्या हाताखाली वाढलेल्या या मुलीची नियमित शाळा बाराव्या वर्षी सुरू झाली. पुढे त्या उत्तम गुणांनी शिक्षिका झाल्या आणि १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत लंडनला गेल्या. प्रशिक्षण झालेले होते, अनुभव होता. परंतु काळ्या बाईला शाळेत घेण्यास कोणी राजी होईना. पोटासाठी त्यांनी धुण्याभांड्याचे काम केले, कारखान्यात कारकुनी केली, एका घरी मोलकरीण म्हणूनही राहिल्या. त्यानंतर कुठे त्यांना वर्ग मिळाला. ही सारी हकिकत त्यांच्या ‘ब्लॅक टीचर’ या आत्मकथनात आहे. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले आणि २०२१ साली पुन्हा छापले गेले.

वर्ग मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असे झाले नाही. समोर लहान गोरी मुले. काही घाबरली, काही टक लावून पाहत राहिली. काहींनी घरी ऐकलेले शब्द जसेच्या तसे बाईंच्या तोंडावर म्हटले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मुलाने बाईंच्या हाताकडे किंवा केसांकडे नवलाने पाहावे, ही जिज्ञासा झाली. रंगातला फरक डोळ्यांना दिसतो आणि मूल तो पाहते, यात गैर काही नाही. परंतु काळा हात घाणेरडा असतो, ही गोष्ट काही डोळ्यांना दिसत नाही. ती कोणीतरी सांगावी लागते. डोळे मुलाचे असतात, शब्द मात्र मोठ्यांचे असतात. आपण दोन्हींना एकच नाव देतो, म्हणून कधी साध्या प्रश्नावर रागावतो, तर कधी खऱ्या अपमानाला ‘लहान आहे तो’ म्हणून हसतो.

हे शब्द किती लवकर पोचतात याचा पुरावा अमेरिकेत मिळाला. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुतेकांनी गोरी बाहुली उचलली. अपमान करणाऱ्याचे शब्द अपमान सोसणाऱ्याच्या मुलांपर्यंतही पोचले होते. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वेगळेपणा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालात या संशोधनाचाही दाखला घेतला गेला.

आता राजकारणाचा प्रश्न. ते बालवर्गात येते कोठून? इंग्लंडचेच उदाहरण घेऊ. १९६५ साली तेथील शिक्षण खात्याने सुचवले की, एका शाळेत परदेशांतून आलेल्यांची मुले साधारण एकतृतीयांशाहून अधिक नसावीत. साउथॉलसारख्या भागातील पंजाबी मुलांना बसमध्ये बसवून दूरच्या शाळांत पाठवले जाई. २० एप्रिल १९६८ रोजी इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅम येथे बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध जहाल भाषण केले. त्यात काळ्या मुलांचाही हिणवून उल्लेख होता. १९७१ साली बर्नार्ड कोर्ड या ग्रेनाडाच्या शिक्षकाने पुस्तिका लिहून दाखवले की, वेस्ट इंडियन मुलांना मतिमंद ठरवून खास शाळांत ढकलले जात आहे आणि दोष मुलांचा नसून त्यांना मोजणाऱ्या पद्धतीचा आहे. बसमध्ये कोण बसणार, कोणत्या शाळेत जाणार, हे सारे मोठ्यांनी ठरवले. मूल ‘राजकारण’ हा शब्द शिकण्याआधीच त्या राजकारणाच्या बाकावर बसलेले होते.

गिलरॉय बाईंनी मुले वाढवण्यासाठी काही वर्षे नोकरी सोडली होती. त्या शाळेत परतल्या, ते साल नेमके १९६८. पुढच्याच वर्षी त्या लंडनच्या कॅम्डन भागातील बेकफर्ड शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या भागातील त्या पहिल्या काळ्या मुख्याध्यापिका. १९७० ते १९७५ या काळात त्यांनी लहान मुलांसाठी वाचनाची पुस्तकेही लिहिली. तोवरच्या बालवाचनात ज्यांना जागा नव्हती ती काळी मुले आणि त्यांची घरे त्यांत आली. शब्द वाईट असतील तर नुसते ‘गप्प बस’ म्हणून भागत नाही, दुसरे शब्द द्यावे लागतात, असा मी त्याचा अर्थ लावते.

त्या शाळेला ज्या बेकफर्डचे नाव होते, त्याची जमैकात गुलामांच्या श्रमावर चालणारी उसाची शेती होती. हे नाव २०२१ साली बदलण्यात आले. गुलामांच्या मालकाचे नाव दारावर आणि काळ्या बाई मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत, असे ते चित्र होते.

हे सर्व मला परके का वाटले नाही, ते सांगते. माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. एके दिवशी चार वर्षांच्या एका मुलाने खिचडीची ताटली बाजूला सारली आणि म्हणाला, “आजी म्हणते, तुमच्या हातचं खायचं नाही.” आई रागावली नाही. तिने त्याला इतरांना ताटल्या वाटायचे काम दिले. आठ-दहा दिवसांनी वाटता वाटता तो स्वतःही जेवायला बसला. पुढे त्याच्या घरून डबा येऊ लागला. डबा आल्यावर मात्र तो खिचडीकडे पाहत डबा खाई.

त्या दिवशी घरी येऊन आई पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मुलाला समजून घेणे हा शिक्षकाचा धर्म, हे खरे. परंतु ज्याचा अपमान झाला त्यानेच शांत राहायचे, त्यानेच शिकवायचे, हे ओझे केवढे असते, याचा विचार आपण करत नाही. गिलरॉय बाईंनी तो विचार लिहून ठेवला. आईला लिहिता येत नाही, म्हणून तिचे मी लिहिते आहे.

आपल्यापैकी काहीजण उद्या शिक्षक होतील, बरेचजण आईबाप होतील. मूल निरागस आहे की नाही, हा वाद चालू द्या. त्याच्या कानावर आज घरात कोणते शब्द पडत आहेत, एवढे प्रत्येकाने आधी पाहावे. डबा मूल भरत नसते.