मालक परदेशात, भाडेकरू निलंग्यात

भाड्याच्या खोलीत कुणाचं शिवणकाम चालतं, कुणाची पिठाची गिरणी. घरमालक परदेशात नोकरीला. एक दिवस त्याचा भाऊ दारात येऊन म्हणतो, "महिन्याभरात खोली खाली करा." तेव्हा काय करायचं, ते आज आम्ही सांगतो.

पहिलं म्हणजे, तोंडी सांगण्यानं खोली सोडावी लागत नाही. कुलूप घालणं, लाईट-पाणी तोडणं हे कायद्यात बसत नाही. मालकाला कोर्टातच जावं लागतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथं लागू आहे, तिथं थकलेल्या भाड्यासाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते. त्यानंतर 90 दिवस दावा लावता येत नाही. समन्स आल्यावरही 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के व्याज आणि खर्च कोर्टात भरला, तर त्या कारणानं बाहेर काढता येत नाही. मात्र राहत्या घराचा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असेल, तर मुदत संपली की जागा सोडावी लागते. म्हणून सही करण्याआधी करार वाचून घ्या.

"जागा मलाच हवी" असं मालक म्हणत असेल, तर ती गरज खरी आहे हे त्याला सिद्ध करावं लागतं. जास्त हाल कुणाचे होतील, हेही कोर्ट पाहतं.

आता भावाचं. त्याच्याकडे मुखत्यारपत्र असेल, तर तो दावा चालवू शकतो. पण गरज मालकाच्या मनातली. तिची साक्ष साधारणपणे त्यानंच द्यायची, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये सांगितलं. अपवादही सांगितला: परदेशातल्या मुलाचा सगळा कारभार आई किंवा वडीलच बघत असतील, तर त्यांची साक्ष चालू शकते. शिवाय कोर्टाची परवानगी असेल, तर व्हिडिओवरूनही साक्ष होते. म्हणून मालक लांब आहे, दावा आपोआप पडेल, या भरवशावर राहू नका. आपल्यातल्या कुणाचा मुलगा परदेशात असेल, तर त्या आईनंही हे ध्यानात ठेवावं.

भाड्याची पावती दर महिन्याला मागा, नाहीतर भाडं बँकेतून द्या. समन्स आलं तर तारीख चुकवू नका. आपण गेलो नाही तर एकतर्फी निकाल लागतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा. जाताना करार, पावत्या आणि समन्स एका पिशवीत घालून न्या.