किरकोळ मार, लांबलेला दावा

सूरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक एटापल्ली-आलापल्ली रस्त्याने धावू लागले, तेव्हापासून गडचिरोलीच्या बातम्यांत अपघात हा कायमचा विषय झाला आहे. चंद्रपूरला कोळशाच्या आणि सिमेंटच्या गाड्यांमुळे ते जुनंच दुखणं. कुणी दगावलं की रस्ता अडवला जातो, फोटो छापून येतात, मदत जाहीर होते. संपादकांनी मला विचारलं ते वेगळंच: जो मेला नाही, नुसता पडला, उठून कपडे झटकून घरी गेला, त्याचं पुढे काय होतं?

उत्तर शोधायचं तर दोन्ही जिल्हा न्यायालयांत चालणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं. लोक त्याला ‘क्लेमची कोर्ट’ म्हणतात. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि देशभर अशी न्यायाधिकरणं उभी करण्याची वाट मोकळी झाली. जखमी माणसाला दिवाणी दाव्याच्या फेऱ्यातून सोडवावं, भरपाई लवकर मिळावी, हा हेतू. हेतू उत्तम होता, आजही आहे.

मला मात्र या यंत्रणेतल्या एका कलमाने धरून ठेवलं. अर्ज किती दिवसांत करायचा, एवढंच ते सांगतं. सुरुवातीला मुदत होती साठ दिवसांची. १९६९ च्या दुरुस्तीने ती सहा महिने झाली. १९८८ च्या नव्या कायद्यात सहा महिनेच राहिले. सबळ कारण असेल तर एकूण बारा महिन्यांपर्यंत सवलत. नोव्हेंबर १९९४ पासून मुदतीची अटच काढून टाकली, कारण खेड्यापाड्यातल्या अडाणी, जायबंदी माणसाला कायदा कळायलाच वर्ष जातं, हे संसदेला पटलं होतं. मग २०१९ ची दुरुस्ती आली आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट परत लागू झाली. या वेळी उशीर माफ करण्याची सोय ठेवलेली नाही. १९९४ साली जी अडचण मान्य केली होती, ती गडचिरोलीत तरी संपलेली नाही. सिरोंचा जिल्ह्याच्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो.

आणि मार ‘किरकोळ’ असेल तर हे सहा महिने आणखी आखूड होतात. समजा, मूल-सिंदेवाही भागातला एखादा माणूस जूनमध्ये मोटारसायकलवरून पडला. गाडीवाला थांबला, चार लोक जमले, हजार-पाचशे देऊन आपसात मिटलं. मनगट सुजलं होतं, हळदीचा लेप लावला. मनगटात स्कॅफॉइड नावाचं लहानसं हाड असतं. ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. तेवढ्यात रोवणी लागते. चिखलात वाकून धानाची रोपं लावायची असताना दवाखान्यात कोण जाणार? डोक्याच्या माराचं तर त्याहून वाईट. वयस्क माणसाच्या मेंदूभोवती रक्त हळूहळू साचतं आणि कित्येक आठवड्यांनी बोलणं अडखळू लागतं. धान कापून झाल्यावर, हातात घमेलं धरवत नाही असं लक्षात येतं, तेव्हा दिवाळी उलटलेली असते.

अशा दाव्याचं सगळं भवितव्य एका ओळीवर येऊन टेकतं, आणि ती ओळ ग्रामीण रुग्णालयातल्या पहिल्या केस पेपरवर असते. रात्रपाळीचा डॉक्टर विचारतो, काय झालं? बरोबर आलेला नातेवाईक पोलिसांच्या धास्तीने सांगतो, गाडीवरून पडला. डॉक्टर तेवढंच लिहितो. ‘ट्रकने मागून धडक दिली’ असं लिहिलं गेलं असतं, तर मेडिकोलीगल नोंद झाली असती, पोलिसांना कळवलं गेलं असतं. पुढे विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो: हा स्वतःच पडला, आमच्या गाडीचा संबंध काय? मला या कागदाची भीती वाटते. दमलेल्या माणसाने घाईत लिहिलेले दोन शब्द घरातल्या कर्त्या माणसाची कमाई ठरवतात.

उशिराच्या फिर्यादीबद्दल सर्वोच्च न्यायालय मात्र समजूतदार आहे. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात त्याने स्पष्ट केलं की फिर्याद उशिरा दिली एवढ्यावरून खऱ्या जखमीचा दावा फेटाळता येत नाही. माणूस आधी उपचाराकडे धावतो, ठाण्याकडे नंतर. त्याआधी, २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सांगितलं की अपंगत्वाची टक्केवारी तेवढी पाहू नका, त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते पाहा. रोवणी करणाऱ्या बाईच्या मनगटाला हे तंतोतंत लागू आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या नव्या नियमांतली एक गोष्ट मला मनापासून आवडली. तपास करणाऱ्या पोलिसाने ४८ तासांत पहिला अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज समजायचा. म्हणजे जखमीने काहीही केलं नाही तरी ठाण्यातल्या हवालदाराच्या हातून त्याचा दावा उभा राहू शकतो. पण आपसात मिटवलेल्या अपघाताची ठाण्यात नोंदच नसते, त्यामुळे ज्याला ही सोय सर्वांत जास्त हवी, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

धडक देणारी गाडी पळून गेली तर उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तिथे मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. हाड मोडलं तर दुखापत ‘गंभीर’; नुसत्या माराला काही नाही.

सर्वांत बिकट प्रकरणं मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांची. दोन्ही जिल्ह्यांतून मजूर पिकअपमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसून जातात. गाडी उलटली की विमा कंपनी म्हणते, मालवाहू गाडीत फुकट बसलेल्यांची जबाबदारी आमची नाही, आणि आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलेलं आहे. उरतो गाडीमालक, जो बहुधा स्वतःच हप्ते फेडत असतो. अपघात परराज्यात झाला तरी दावा राहत्या जिल्ह्यात लावता येतो, हा कायद्याचा मोठा दिलासा. पण पंचनामा तिकडच्या ठाण्यात, तेलुगूत. तो मिळवणं, भाषांतर करून घेणं, साक्षीदार आणणं यातच महिने सरतात. मजूर गावी परततात तेव्हा लगेच तेंदूचा हंगाम उभा असतो, आणि तो बुडवणं परवडत नाही.

सहा महिन्यांच्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून न्यायाधिकरणांनी दावे फेटाळू नयेत. एप्रिल २०२२ नंतर ‘आता वेळ गेली’ हे ऐकून जे परत फिरले, अर्ज दाखल केलाच नाही, त्यांची गणती कुठल्याच रजिस्टरात सापडणार नाही. अशा माणसांनी जुना केस पेपर, एक्स-रे, औषधांची बिलं जे काही हाती असेल ते घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जावं. आदिवासींना, दलितांना आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याने तो त्यांचा हक्क आहे.